पॅनेलला किती घेता?

डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात शिरणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पॅनेलला किती घेता?" पॅनेल म्हणजे दरवाजा, बोनेट, बंपर असा गाडीचा एकेक भाग. धंद्यात नवा उतरलेला गडी मग शेजारच्या गॅरेजापेक्षा पाचशे कमी सांगून मोकळा होतो. माझ्या मते हा धंदा बुडायला तिथूनच सुरुवात होते. पॅनेल हे कामाचं मापच नाही. नवाकोरा बंपर हेही एक पॅनेल आणि दोनदा ठोकलेला, पुट्टीने (खड्डे बुजवायच्या लेपाने) भरलेला मागचा क्वार्टर (मागच्या चाकावरचा पत्रा) हेही एकच पॅनेल! पहिल्याचं घासकाम दोन तासांत उरकतं, दुसरा दीड दिवस खातो.

प्रत्यक्ष रंग मारायला वेळ लागतोच किती? दरवाजाला बेसचे (मूळ रंगाचे) दोन-तीन हात, म्हणजे थर, प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबणं, वर क्लिअरचे (पारदर्शक चमकदार थराचे) दोन हात. दीड तासात स्प्रे गन धुऊन खुंटीला. बाकी सगळा वेळ घासायच्या पेपरचा; नंबर वाढला की पेपर बारीक. पुट्टी ८० नंबरने उतरवायची, मग १२०, १८०, कडा ३२० ने विरवायच्या, सर्फेसर (रंगाखालचा प्रायमर) मारून ४००, शेवटी ६०० किंवा ८०० चा वॉटर पेपर. घाईत ८० वरून थेट ३२० वर उडी मारली तर डिलिव्हरीच्या दिवशी काहीच दिसत नाही. पुढच्या काही आठवड्यांत अडकलेलं थिनर उडतं, थर खाली बसतो आणि उन्हात तिरकं पाहिलं की बोनेटवर रेघा उमटतात. मग गाडी परत येते आणि ते काम फुकटात करावं लागतं.

पुट्टीच्या हार्डनरचंही (ती घट्ट करणाऱ्या पेस्टचंही) तसंच. १०० ग्रॅम पुट्टीला २ ते ३ ग्रॅम पुरतं. लवकर सुकावं म्हणून कारागीर अंदाजाने जास्त पिळतो, आणि पांढऱ्या किंवा चंदेरी रंगातून पिवळट डाग वर येतो. दोन-तीनशे ग्रॅमपर्यंत तोलणारा छोटा काटा टेबलावर ठेवा. या गॅरेजातली सगळ्यात स्वस्त बचत तीच.

बूथची (रंग मारून भाजायच्या बंद, तापवता येणाऱ्या खोलीची) हौस प्रत्येकाला असते. पण कर्ज काढून आधी बूथ घेऊ नका. आधी हवा कोरडी करा. मुंबईत, कोकणात जुलैमध्ये कॉम्प्रेसरच्या टाकीत दिवसभरात चांगलंच पाणी साठतं; सकाळ-संध्याकाळ कॉक उघडून काढलं नाही तर ते पाइपातून गनमध्ये आणि तिथून क्लिअरमध्ये जातं. एअर ड्रायर, गनजवळ फिल्टर, दोन्ही बाजूंनी पांढरा उजेड आणि दोन चांगल्या गन (बेस-क्लिअरला १.३, सर्फेसरला १.८ मिमीचा नोझल) हे आधी. बूथ नंतर. बूथमध्ये पत्रा ६० अंशांवर अर्धा तास ठेवायचा तर बर्नर डिझेल पितो, आणि एकट्या बंपरसाठी तो पेटवणं परवडत नाही. तीन-चार नग एकत्र भाजता येतील असं दिवसाचं गणित मांडणं, हे मालकाचं खरं काम. दसऱ्याच्या आठवड्यात हे गणित हमखास कोलमडतं: जाड हात मारून लगेच उष्णता दिली जाते, आत अडकलेलं थिनर उकळून वर येतं आणि टाचणीच्या डोक्याएवढे फोड उठतात. त्यावर आणखी क्लिअर मारून ते झाकत नाहीत, घासूनच काढावे लागतात.

एक गंमत सांगतो. गॅरेजाच्या शेजारी गाड्या धुण्याचं वॉशिंग असेल तर डॅशबोर्ड पॉलिशचा स्प्रे तिथे बंद करा. त्यातलं सिलिकॉन हवेतून येऊन पत्र्यावर बसतं आणि ताजा रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल फाटतो. पेंटर दोष थिनरला देतो!

रंगाची शेड, म्हणजे छटा, जुळवणं हा वेगळाच छळ. गिऱ्हाईक "पांढरी गाडी" म्हणतं, पण साधा पांढरा आणि पर्ल (मोत्यासारखा चमकणारा) पांढरा यांत आणखी एक अख्खा थर आहे: खाली पांढरा बेस, मध्ये पर्लचे हात, वर क्लिअर. चंदेरीत तर कंपनीचा रंगाचा कोड बरोबर असूनही हात ओला पडला की शेड काळपट दिसते, कोरडा पडला की उजळ. आधी कार्डावर मारून उन्हात पाहायचं आणि शेजारच्या पॅनेलवर रंग विरवायचा. त्या विरवण्याचे पैसे पॅनेलच्या दरात नसतात.

विमा असला की आणखी एक भांडण. पेंटिंगचं एकत्र बिल २०,००० चं असेल तर त्यातले २५ टक्के, म्हणजे ५,०००, मटेरियल धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा (जुनेपणाची कपात). झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी विम्याची जोड, नसेल तर हे २,५०० गाडीमालकाचे. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट, आणि प्लॅस्टिकचा बंपर बदलला तर त्याच्या निम्म्या किमतीवर पाणी. हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या, डिलिव्हरीच्या दिवशी नको.

दर पाडला की पहिली कात्री लागते मास्कला. टू-के क्लिअरच्या (हार्डनर मिसळून मारायच्या क्लिअरच्या) हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे घातक रसायन असतं. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही, त्यातून कायमचा दमा होऊ शकतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क उत्तम. ते जमत नसेल तर निदान मास्कला वेळेवर बदललेलं कार्ट्रिज (हवा गाळणारी डबी) तरी हवंच.

तर "पॅनेलला किती?" विचारलं की आधी रंगाची जाडी मोजायचं गेज काढा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. क्वार्टरवर ६०० दिसलं की तो आकडा गाडीमालकाला दाखवा, खालची जुनी पुट्टी उपसायचे तास वेगळे लिहा आणि मग दर बोला.