दोन रानं किती टक्के सारखी?

मलप्रभा नदी बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीला उगम पावते आणि खानापूरवरून सौंदत्तीकडं जाते. तिच्यासोबत जांबोटीकडचं ओलं रान सोडून पूर्वेच्या माळावर उतरलं, की आंधळ्यालाही कळेल की झाडोरा बदलला. प्रबंधात एवढंच लिहून भागलं असतं! पण सर म्हणाले, "किती बदलला? आकडा द्या."

आकड्यासाठी पहिले भेटले पॉल जॅकार्ड. 1901 सालचा या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाचा हिशेब सरळ आहे: सामाईक जाती भागिले एकूण जाती. समजा 12 जाती सामाईक, इकडं 8 जादा, तिकडं 4. म्हणजे 24 पैकी 12, साम्य 50 टक्के. डेन्मार्कच्या सोरेन्सननी 1948 मध्ये सामाईक जातींना दुप्पट वजन दिलं. त्याच झाडांचं साम्य 67 टक्के! पान हललं नाही आणि रानं जवळ आली.

मग शाळेतलं युक्लिडचं अंतर लावून बघितलं. झाडं मोजायला रानात चौकटी आखल्या होत्या. एका चौकटीत किंदळ एक, जांभूळ एक. दुसरीत त्याच जाती, चार-चार. तिसरीत नुसती एक बाभूळ. पहिलीचं दुसरीशी अंतर 4.24, तिसरीशी 1.73. सख्खी बहीण परकी आणि बाभळीशी सोयरीक! दोन्हीकडं जे नाही तेही साम्यात धरणारी मापं तर आणखी थोर. माझ्या कुठल्याच चौकटीत देवदार नाही, चिनारही नाही. यादीत हिमालय घालत गेलं की साम्य वाढतच जातं. जॅकार्ड बिचारे त्या भानगडीत पडत नाहीत.

खानापुरात ज्यांच्या सोप्यात बसून हे चाललं होतं, ते काका वैतागले. "काय मोजालीस गं एवढं?"

सांगितलं.

"हात्तिच्या! लक्ष्मीच्या जत्रेला आमच्याकडं आणि भावाकडं पाव्हणे तेच. पण आमच्याकडं घरटी एक माणूस, त्याच्याकडं ट्रॅक्टर भरून. नावं काय बघतीस? बोकडं किती लागली ते इचार!"

ब्रे आणि कर्टिस यांनी 1957 मध्ये विस्कॉन्सिनच्या जंगलांसाठी वापरलेलं माप हेच करतं. कोण आलं एवढ्यावर न थांबता किती आले तेही बघतं. फक्त तिथं गर्दीवाल्याचं राज्य. अंजनीची झाडं दाटली की बाकीच्यांचा आवाज बंद. म्हणून आकड्यांचं आधी वर्गमूळ घ्यायचं, म्हणजे मोठे आकडे आक्रसतात. वर्गमूळच का, चौथं मूळ का नको, लॉग का नको, यावर माणसं भांडतात. मी वर्गमूळ घेतलं आणि कानावर हात ठेवले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्ता निरखून विचारलं, "मोरिसिता-हॉर्नचं माप का नाही? नमुना लहानमोठा असला तरी ते फारसं डगमगत नाही."

चौकटी एकाच मापाच्या होत्या, ते सांगितलं. पटल्यासारखं दिसेना, म्हणून उत्साहानं काकांची बोकडं पुढं केली.

परीक्षक शाकाहारी निघाले.