करवंदाच्या जाळीखालचं सगळंच खाण्याजोगं नसतं

पहिला पाऊस झाला की एक संदेश फिरू लागतो: करवंदाच्या जाळीखाली उगवलेलं कोवळं काहीही खा, तिथे फवारणी नसते, किड्याने खाल्लेलं पान तर बिनघोर, उकडून पाणी ओतू नका, कस जातो, आणि रोप मुळासकट उपटा. फवारणीचं रानात खरं आहे. जाळी बांधावर असेल तर तणनाशकाची चौकशी करा.

“काहीही खा” हे मात्र जिवावर बेतणारं आहे. फोडशी ही पातीची रानभाजी वर येते त्याच दिवसांत त्याच जाळीत विषारी कळलावीचे (खड्यानागाचे) कोंब फुटतात. लाल-पिवळं फूल आलं की ती कोणीही ओळखेल, पण जूनमध्ये फूल नसतं. कळलावीच्या पानाच्या टोकाचा, आधाराला गुंडाळणारा ताणा शोधू नका. खालच्या पानांना तो बहुधा नसतो. खोड पाहा. फोडशीची पाती थेट जमिनीतून झुबक्याने येते, कळलावीला उभं खोड असतं आणि पानं त्यावर लागतात. शंका आली तर एक रोप खणा: फोडशीखाली मांसल मुळांचा घोस, कळलावीखाली नांगरासारखा वाकडा कंद. कळलावीतलं कोल्चिसीन हे विष शिजवून जात नाही. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, म्हणून पोटात गेल्याचं कळताच, त्रास नसला तरी, उरलेलं रोप घेऊन रुग्णालय गाठा.

किड्याची कसोटी तर फोलच. कळलावीच्या पानांवर काही अळ्या मजेत पोसतात.

पाणी ओतण्याबद्दल: टाकळ्याचा कोवळा पाला नुसता परतला तरी चालतो. घोळ आणि आंबुशीत ऑक्झॅलेट (मुतखड्याला हातभार लावणारा क्षार) भरपूर. ती भरपूर पाण्यात पाचेक मिनिटं उकडून पिळली की विरघळणारा भाग पाण्याबरोबर जातो. थोडं क जीवनसत्त्वही जातं, जाऊ द्या; मुतखडा झालेल्यांनी या दोन्ही टाळाव्यात. घोळीची काडी मोडून पाहा, पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. शेवळांना (रानसुरणाच्या जातीच्या कोंबांना) नुसती उकळी पुरत नाही. आतला पिवळा भाग काढून काकडं या आंबट रानफळांच्या रसात किंवा चिंचेच्या कोळात शिजवली नाहीत, तर घसा खवखवतो.

राहिलं उपटणं. फोडशीची पाती जमिनीलगत कापा, खालचा पांढरा कडक भाग घरी काढून टाका. मुळं जागेवर राहिली तरच पुढच्या पावसात तिथे पुन्हा पाती येते.