व्हाळ खोल केला तर राय राहील?

काल तिन्हीसांजेला तिठ्यावरच्या पारावर बाबीने बातमी आणली: गावच्या देवराईच्या वरच्या अंगाला व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पोकलेन घालून खोलीकरण करायचं घाटतंय.

"बरां झाला," दाजी म्हणाले. "मे म्हयन्यात माझ्यो पोफळी करपतत, तेव्हा कोण येता बघूक?"

दाजींचं दुखणं खरं आहे. तरी मला राहवेना. आपल्याच दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेच्या देवराईत रानजायफळाची दलदल, म्हणजे चिखलपाण्यात उभं असलेलं जंगल, आहे. 2021 मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. क्षेत्र किती, तर 2.59 हेक्टर!

"येवढ्याशा चिखलाक?" बाबी.

मी तिथे उभा राहिलोय, घोटाभर पाण्यात. झाडांची मुळं चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात नि पुन्हा खाली शिरतात. चिखलात हवा नसते, म्हणून ती वरून श्वास घेतात. बी मोठं, पण वाळलं की मेलं. ओल्या जमिनीतच रुजणार. म्हणजे पाणी हटलं की कुऱ्हाड न लावताही राय संपली. आजची झाडं उभी दिसतील, पण खाली रोपटं नसेल. आपल्या राईचंही तेच होईल, मला भीती वाटते ती हीच.

"पण व्हाळ खोल केल्यान पाणी वाढात ना?" सुहासने विचारलं.

उलट होतं. आता दगडगोटे, कोंडी (डोह), पडलेली खोडं पाण्याला अडवतात, ते दोन्ही काठांत मुरतं. सरळ खोल चर मारला की पावसाळ्यातलं पाणी धावत सुटतं आणि काठच्या जमिनीतलं पाणीही त्या चरात उतरतं. शिवाय जूनमधले चढणीचे मासे! पहिल्या पुराला ते अंडी घालायला वर चढतात, दमले की दगडाआडच्या संथ पाण्यात थांबतात. तो आडोसाच काढला तर थांबणार कुठे?

दाजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि माझ्या पोफळीचा काय?"

राईच्या खालच्या बाजूला पाऊस सरल्यावर माती-दगडांचा कच्चा बंधारा घालू, पूर्वी गाव घालायचा तसा. पहिल्या पुरात तो वाहून जातो, माशांची वाट मोकळी होते. बुंध्याशी झावळ्यांचं आच्छादन घातलं तर ओल टिकते.

"बंधाऱ्याक माणसा कोण देतलो?"

बाबीने हात वर केला. सुहासनेही. दाजी उठले, "रविवारी सकाळी व्हाळ चढून बघूया आधी. पोकलेनवाल्याक तोवर थांबाक सांग."