टाच दुखते म्हटलं त्याचे 243 डॉलर

आज परत 50 मिनिटं होल्डवर, एचएसएवाल्यांच्या. एचएसए म्हणजे इथे अमेरिकेत दवाखान्याच्या खर्चासाठी पगारातून पैसे साठवायचं खातं. लंच ब्रेकमध्ये, पार्किंग लॉटमध्ये, गाडीत बसून, डबा मांडीवर तसाच उघडा, पोळी वाळून कडक. आणि 50 मिनिटांनी ती बाई मला सांगते की मॅडम तुमच्या एचएसए अकाउंटमध्ये पैसे दिसतायत पण तुम्हाला ते वापरता येणार नाहीत कारण तुमची आयडेंटिटी अजून व्हेरिफाय झालेली नाही. म्हणजे जानेवारीपासून दर दोन आठवड्यांनी माझ्या पगारातून पैसे कापले जातायत, ते कापताना कुणाला माझी ओळख लागली नाही, आणि मी माझेच पैसे माझ्याच दुखण्यासाठी मागितले तर मी कोण हा प्रश्न पडला!

पहिल्यापासून सांगते, नाहीतर माझं डोकं फुटेल.

फेब्रुवारीत ॲन्युअल फिजिकलला गेले. फ्री असतं म्हणून गेले, प्लॅनच्या कागदावर तसं लिहिलंय, प्रिव्हेंटिव्ह केअर 100 टक्के कव्हर्ड, डिडक्टिबल (प्लॅनने पैसे द्यायच्या आधी आपण खिशातून भरायची रक्कम) लागू नाही. सगळं झालं, बीपी झालं, रक्त घेतलं, मी पर्स उचलून निघाले होते आणि डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही? आता डॉक्टरने समोर बसून विचारल्यावर माणूस काय करणार? मी म्हटलं, सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की डावी टाच दुखते. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिली, म्हणाल्या बर्फ लावा, स्ट्रेचिंग करा, चप्पल बदला. दोन मिनिटं. फार तर तीन. एवढं तर माझ्या सासूबाईंनी फोनवर सांगितलं होतं, वर गरम तेल चोळ म्हणाल्या होत्या ते वेगळं.

तीन आठवड्यांनी ईओबी, म्हणजे विमा कंपनीचा हिशेबाचा कागद, आला. एकाच दिवसाच्या, एकाच डॉक्टरच्या, एकाच खोलीतल्या भेटीच्या दोन ओळी. 99396, हा फिजिकलचा कोड, प्लॅनने सगळे भरले, माझं देणं शून्य. आणि त्याच्याखाली 99213, हा दुखण्यासाठीच्या भेटीचा कोड, पुढे मॉडिफायर 25, म्हणजे त्याच दिवशीची पण वेगळी तपासणी, आणि 243 डॉलर, डिडक्टिबलला लावले, म्हणजे पै न पै माझ्याकडून. टाचेचे. क्लिनिकच्या बिलिंगला फोन केला तर म्हणे तुम्ही व्हिजिटमध्ये नवीन तक्रार सांगितलीत ना, मग ती वेगळी व्हिजिट धरतात. मी सांगितली नाही हो, मला विचारली! विचारताना एक शब्द बोलायचा होता की उत्तर दिलंत तर मीटर सुरू होईल. मी गप्प बसले असते. लंगडत घरी गेले असते.

आणि हो, हे असंच कोडिंग करतात, हे नियमाप्रमाणेच आहे, हेही मला त्या बिलिंगवालीने तीनदा ऐकवलं. नियमाप्रमाणे आहे हाच तर माझा संताप आहे. चूक असती तर अपील केलं असतं.

बरं, म्हटलं जाऊ दे, एचएसए आहे ना, त्यासाठीच तर पैसे साठवतोय. पोर्टलवर कार्ड टाकलं. डिक्लाइन्ड. परत टाकलं. डिक्लाइन्ड. तिसऱ्यांदा टाकलं तर पोर्टलनेच मला लॉक केलं. मग आठवलं, ऑफिसने जानेवारीत एचएसएची कंपनी बदलली. का बदलली ते कुणी सांगितलं नाही, आम्हाला फक्त एक ईमेल आलं एक्सायटिंग न्यूज म्हणून. त्या एक्सायटिंग न्यूजमध्ये जुन्या कंपनीने माझे म्युच्युअल फंडातले सगळे युनिट विकून कॅश केली, ती कॅश साडेतीन आठवडे कुठल्या हवेत होती देव जाणे, या काळाला म्हणे ब्लॅकआउट पीरियड म्हणतात, आणि जाताना अकाउंट बंद करायची फी म्हणून 25 डॉलर कापले. अकाउंट मी बंद केलं का? मला कुणी विचारलं का?

आणि नवीन कंपनीकडे पैसे आले तर अकाउंट लॉक. कारण काय तर माझं नाव. आपल्याकडच्या प्रत्येकीला हे माहीत असेल. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात माझं नाव आणि नवऱ्याचं नाव शेजारी शेजारी, सोशल सिक्युरिटी कार्डवर तेच उतरलं, आणि ऑफिसच्या पेरोलमध्ये फक्त माझं नाव. त्यामुळे त्यांच्या सिस्टिमला आम्ही दोन वेगळ्या बायका वाटतो. पासपोर्टचा फोटो अपलोड केला, लायसन्स केलं, विजेचं बिल केलं. विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर म्हणून रिजेक्ट. मग मॉर्गेजचं स्टेटमेंट. त्यावर दोघांची नावं, म्हणून आणखी एक नवीन शंका. 14 वर्षं या देशात टॅक्स भरतेय, आणि मी मीच आहे हे अजून सिद्ध करते आहे.

इकडे क्लिनिकचं दुसरं नोटीस लाल अक्षरात. 28 तारखेपर्यंत भरा नाहीतर कलेक्शनला, म्हणजे वसुलीवाल्यांना, देऊ. शेवटी साध्या कार्डाने भरले काल. नंतर एचएसएतून काढून घेता येतील, पावती ठेवा, हे मला माहितीये. पावत्याच ठेवतेय मी. स्वयंपाकघरातला एक अख्खा ड्रॉवर पावत्यांचा आहे, मसाल्याचे डबे वर गेलेत.

त्यातून परवा एका मुंजीत आमच्या ओळखीतल्या एकाने मला एचएसएचे फायदे समजावून सांगितले. ट्रिपल टॅक्स ॲडव्हान्टेज, ताई. टाकताना टॅक्स नाही, वाढताना नाही, काढताना नाही. त्यात म्हणे हात घालायचाच नाही, सगळं इन्व्हेस्ट करायचं, दवाखान्याचं बिल खिशातून भरायचं, पावती 30 वर्षं जपायची आणि रिटायर झाल्यावर सगळे एकदम काढायचे. त्याचं वय 31, लग्न नाही, चष्मासुद्धा नाही. ज्याला डॉक्टर लागत नाही आणि ज्याच्याकडे बिल भरून वर पैसे उरतात त्याला हे अकाउंट फार छान आहे, ते मला मान्य आहे. पण मग त्याला आरोग्याचं खातं म्हणू नका ना, श्रीमंतांची रिटायरमेंट म्हणा. आणि ट्रिपल कुठलं? आम्ही न्यू जर्सीत राहतो. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांना एचएसए मान्यच नाही. स्टेट टॅक्स पूर्ण लागतो, व्याजावर लागतो, डिव्हिडंडवर लागतो, कंपनीने टाकलेले पैसेही न्यू जर्सीच्या पगारात धरतात, म्हणून डब्ल्यू-2 वर, म्हणजे पगाराच्या वार्षिक टॅक्सच्या कागदावर, दोन वेगळे आकडे आणि दर मार्चमध्ये माझी आणि नवऱ्याची यावर वादावादी. नदीपलीकडे पेन्सिल्व्हेनियात माझी मैत्रीण राहते, तिला हे काहीच नाही. आणि आपले लोक नेमके राहतात कुठे? न्यू जर्सीतल्या एडिसनला आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रिमॉन्टला!

एफएसएचं, म्हणजे ऑफिसमधून मिळणाऱ्या तसल्याच दुसऱ्या खात्याचं, तर बोलूच नका. म्हणजे बोलतेच. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने त्याच्या ऑफिसमध्ये ओपन एनरोलमेंटला, म्हणजे पुढच्या वर्षाचा विमा निवडायच्या वेळी, एफएसएवर टिक केलं, 1,500 डॉलर, चांगल्या हेतूने केलं, दातांच्या खर्चाला होतील म्हणून. कुणीच सांगितलं नाही की नवऱ्याची साधी एफएसए असली की त्यातून बायकोचाही खर्च करता येतो, आणि करता येतो म्हणजे बायको एचएसएत एक डॉलर टाकायला अपात्र. वापरली की नाही याचा संबंध नाही. माझे वर्षभराचे पैसे एक्सेस, म्हणजे टाकायला नको होते असे, ठरले, ते वाढीसकट एप्रिलच्या आत काढा, नाहीतर राहतील तितकी वर्षं दर वर्षी 6 टक्के दंड. एचएसएचा टॅक्स फॉर्म 8889 घेऊन मी रात्री एक वाजेपर्यंत बसले होते. दोन माणसांनी आपापल्या ऑफिसात प्रामाणिकपणे एकेक टिक केली, एवढाच गुन्हा.

आणि लेकाचा हात. 29 डिसेंबरला स्लेडवरून पडला, मनगट मोडलं. इमर्जन्सी, एक्सरे, प्लास्टर, सगळं त्या वर्षाच्या डिडक्टिबलमध्ये. दोन दिवसांनी 1 जानेवारी उजाडला आणि मीटर परत शून्यावर. फॉलोअप एक्सरे, ऑर्थो, प्लास्टर काढणं, सगळं परत पहिल्या डॉलरपासून आम्ही. मोडलेलं हाड तेच, हात तोच, मूल तेच. आणि आमचं फॅमिली डिडक्टिबल 5,000, तेही असलं की सगळ्यांचं मिळून 5,000 पुरं होईपर्यंत कुणा एकासाठीही प्लॅन पैसा देत नाही. त्या जानेवारीत माझ्या एचएसएत 612 डॉलर होते. एचएसएत जेवढे जमलेत तेवढेच वापरता येतात, एफएसएसारखे वर्षाचे सगळे पहिल्या दिवशी मिळत नाहीत. सहा वर्षांच्या पोराला हाड मोडण्याआधी आईच्या खात्यात शिल्लक किती ते कसं कळणार?

मी आकडे पाठ केलेत आता. 2026 ला फॅमिलीचे एचएसएत जास्तीत जास्त 8,750 टाकू देतात. आणि त्याच वर्षी त्याच फॅमिलीच्या खिशातून 17,000 पर्यंत जाऊ शकतात, तेही नेटवर्कमधले, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांकडचेच, कायद्याने चालतं. उरलेले 8,250 कुठल्या खात्यातून आणायचे?

या सगळ्याच्या मागे जो विचार आहे ना, त्याचा मला खरा राग आहे. 2003 च्या डिसेंबरमध्ये तेव्हाचे प्रेसिडेंट बुश यांनी कायद्यावर सही केली, जानेवारी 2004 पासून ही खाती सुरू झाली, आणि युक्तिवाद काय तर लोक स्वतःचे पैसे खर्च करायला लागले की भाव बघून खर्च करतील. कुठला भाव? दाखवा मला. वडापावच्या गाडीवर दराची पाटी असते. मी फिजिकलच्या आधी फोन करून विचारलं होतं, काही लागेल का, तर उत्तर आलं डॉक्टर काय कोड लावतात त्यावर आहे, आधी सांगता येत नाही. हॉस्पिटलांना 2021 पासून भाव जाहीर करावे लागतात, पण माझी डॉक्टर हॉस्पिटलमध्ये नाही, क्लिनिकमध्ये बसते. अचानक येणाऱ्या बिलांविरुद्धचा नो सरप्रायझेस ॲक्ट 2022 ला लागू झाला, तो मुख्यतः इमर्जन्सीला आणि आउट ऑफ नेटवर्कवाल्यांना, माझी डॉक्टर इन नेटवर्क. मी सगळे नियम पाळले म्हणून मला एकही कायदा लागू नाही.

आणि सगळ्यात आत सलतं ते बाबांचं. बाबा साताऱ्याला. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या वेळी माझ्या एचएसएत चार हजारांच्या वर पैसे पडून होते. त्यातला एक डॉलर बाबांना लावता येत नाही. टॅक्समध्ये डिपेंडंट दाखवता येणारी माणसं लागतात, आणि आईवडील जर इथले सिटिझन नसतील तर ते अमेरिकेत, कॅनडात किंवा मेक्सिकोत राहणारे हवेत. साताऱ्यात राहणारे चालत नाहीत. काढलेच तर इन्कम टॅक्स आणि वर 20 टक्के दंड. मी स्वतः सुट्टीत जाऊन साताऱ्यात दाताची कॅप बसवली तर चालतं, तेच पैसे, तोच गाव, तीच पोवई नाक्याजवळची गल्ली. पैसे दुसरीकडून पाठवलेच मी, प्रश्न त्याचा नाही. ज्या माणसाने कर्ज काढून मला शिकवलं त्याच्या डोळ्याला माझ्या आरोग्याच्या खात्यातले पैसे लागले तर तो गैरवापर धरतात, हे मला आजही सहन होत नाही.

हो, प्लॅन मीच निवडला. माहितीये मला. दुसऱ्या प्लॅनचा प्रीमियम महिन्याला 410 डॉलरने जास्त होता आणि त्या वर्षी डेकेअर चालू होतं. आम्ही तिघं धडधाकट आहोत, निभावून जाईल असं वाटलं. आणि आज त्या फोनवरच्या बाईवर मी ओरडले तेही चुकलं. तिचा आवाज शेवटी कापत होता. ती पण कुठेतरी तासावर पगार घेत असणार, आणि तिचाही प्लॅन कदाचित असाच असणार. सॉरी म्हणाले मी, पण फोन ठेवल्यावर म्हणाले, तिला ऐकू गेलं नसेल.

पण माझं काय झालंय ते बघा. मंगळवारी लेकाचा घसा दुखत होता, कपाळाला हात लावला, ताप होता, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला की डिडक्टिबल अजून किती बाकी आहे. स्ट्रेपची, म्हणजे घशाच्या इन्फेक्शनची, टेस्ट आज करावी की एक रात्र बघावी. ही मी अशी नव्हते हो. माझी आई ताप आला की रिक्षा बोलवायची, बस. स्ट्रेप निघाला. 168 डॉलर. एक रात्र बघितली असती तर पोर आणखी एक रात्र तळमळलं असतं, ते माझ्या त्या एका विचारापायी.

टाच अजून दुखते. जास्तच दुखते. डॉक्टरांनी सांगितलं होतं सहा आठवड्यांत कमी नाही झालं तर परत या. सात झालेत. उद्या सकाळी आठ वाजता एचएसएवाल्यांची लाइन उघडते, लग्नाचं सर्टिफिकेट स्कॅन करून ठेवलंय, मूळ मराठीत आहे, आता त्याचं नोटराइज्ड भाषांतर मागतील.