दोन सर्टिफिकेटं जुळली म्हणजे दोन हिरे जुळले?

कानातल्या हिऱ्यांबद्दल एक ढकलपत्र सध्या फिरतंय. त्याचा सारांश असा: स्टडसाठी, म्हणजे एका खड्याच्या कानातल्यांसाठी, दोन हिरे घेताना वजन सेंटपर्यंत तंतोतंत एक हवं. रंग आणि क्लॅरिटी (हिरा आतून किती स्वच्छ) यांची श्रेणी एकच हवी, तीही अंगठीला घ्याल तितकी वरची. कट, म्हणजे पैलूंची घडण, फार बघू नका, कानातला कट कोण निरखतंय? आणि फ्लुओरेसन्स (अतिनील उजेडात चमकण्याचा गुण) असलेला हिरा हातातही धरू नका. एवढं प्रयोगशाळेच्या सर्टिफिकेटवर जुळलं की जोडी जुळली. हिरे जुळवायला बसलेल्या कुणालाही यातलं बरंचसं उलटं वाटेल.

आधी वजन. ते काट्याला कळतं, डोळ्याला नाही. डोळ्याला कळतो व्यास. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे शंभर सेंट. आता पन्नास सेंटचे दोन गोल हिरे घ्या. एकाची खोली व्यासाच्या ६० टक्के असेल, तर तो समोरून साधारण ५.१५ मिलिमीटर भरतो. दुसऱ्याचं पोट सुटलेलं, खोली ६५ टक्क्यांच्याही वर; तो ५ मिलिमीटरवरच थांबतो. काट्यावर जुळे, कानात मात्र थोरला-धाकटा. फरक ०.१५ मिलिमीटरचा, पण आपल्याला दिसतं ते क्षेत्रफळ, आणि तिथे तो सहा टक्के होतो. याउलट एक हिरा ४८ सेंटचा, खोली ५९.३ टक्के, दुसरा ५० सेंटचा, खोली ६१.८ टक्के. दोघांचा व्यास ५.१० मिलिमीटर. ढकलपत्राच्या हिशेबात ही जोडी नापास, माझ्या हिशेबात पहिली उचलावी अशी. व्यासातला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत असला की दोन-तीन सेंट इकडेतिकडे झाले तर होऊ द्यावेत. यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. सर्टिफिकेटवर मिलिमीटरमधली मापं छापलेलीच असतात, फक्त त्या ओळीकडे कोणी बघत नाही.

(जाता जाता: ‘एक कॅरटचे स्टड’ म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही हिरे मिळून एक कॅरट. विचारून घ्या, नाहीतर मनात साडेसहा मिलिमीटरचे हिरे असतात आणि डबीतून पाच मिलिमीटरचे निघतात.)

कटबद्दलचा सल्ला सगळ्यात वाईट. अंगठीचा हात माणूस डोळ्यांजवळ नेतो. कानातला हिरा समोरच्याला दोन-तीन फुटांवरून, हलत्या मानेवर दिसतो. तेवढ्या अंतरावरून क्लॅरिटी दिसत नाही, रंगातली एखादी पायरी दिसत नाही. दिसतो तो परत येणारा उजेड, आणि तो ठरतो कटवर. खालची बाजू फार उथळ असली की टेबलातून (वरच्या सपाट पैलूतून) गर्डलचं, म्हणजे हिऱ्याच्या कमरेचं, राखाडी कडं डोकावतं, माशाच्या डोळ्यासारखं. फार खोल असली की मधोमध काळोख साचतो. एका कानात असा हिरा आणि दुसऱ्यात नीट कापलेला, मग वजन, रंग, क्लॅरिटी सगळं एक असूनही एक दिवा लागलेला आणि एक विझलेला.

बरं, दोन्हींच्या कटपुढे ‘एक्सलंट’ ही सर्वात वरची श्रेणी लिहिलेली असली म्हणजे झालं, असंही नाही. जीआयए ही हिऱ्यांना सर्टिफिकेट देणारी अमेरिकन संस्था २००६पासून गोल ब्रिलियंटला (नेहमीच्या गोल पैलूदार हिऱ्याला) कटची श्रेणी देते, पण ‘एक्सलंट’ हा चांगला रुंद पट्टा आहे. व्यासाच्या ५४ टक्के टेबलाचा हिरा त्यात बसू शकतो आणि ६१ टक्के टेबलाचाही. पहिला रंगीत ठिणग्या जास्त टाकतो, दुसऱ्याची चमक पांढरी, पसरट. दोन्ही चांगले, पण एकमेकांचे जोडीदार नव्हेत. टेबल आणि वरच्या-खालच्या पैलूंचे कोन जवळजवळ सारखे असावेत, ही खरी जुळणी.

हे तपासायची सोपी रीत आहे. दोन्ही हिरे तोंड वर करून शेजारी ठेवा, हातभर अंतरावरून बघा, कोणता मंद वाटतो ते ठरवा. मग त्यांच्या जागा बदला. मंदपणा हिऱ्याबरोबर सरकला तर दोष हिऱ्याचा. जुन्या जागीच राहिला तर तो दिव्याचा खेळ होता.

रंगाच्या बाबतीत ढकलपत्र अर्धं बरोबर आहे: दोन हिरे सारखे दिसायला हवेत. पण रंगाची श्रेणी इंग्रजी अक्षरांत देतात (‘डी’ रंगहीन, पुढे पिवळसर), आणि अक्षर एक म्हणजे रंग एक नव्हे. ‘जी’ हाही पट्टाच. त्याच्या वरच्या टोकाचा एक आणि खालच्या टोकाचा एक, यांच्यापेक्षा खालचा ‘जी’ आणि वरचा ‘एच’ एकमेकांना जवळचे असतात. शिवाय ही श्रेणी ठरते हिरा पालथा ठेवून. कानात तो समोरून दिसतो आणि दोन हिऱ्यांच्या मध्ये अख्खा चेहरा असतो. अंगठीपेक्षा एक-दोन पायऱ्या खाली उतरलात तरी कोणाला पत्ता लागत नाही.

क्लॅरिटी तर जुळवायचीही गरज नाही. ती दहापट भिंगाखाली ठरते. एक व्हीएस-२ आणि एक त्याच्या खालच्या पायरीचा एसआय-१, दोन्ही नुसत्या डोळ्यांना स्वच्छ, तर खुशाल जोडी करा. फक्त ज्याच्या पोटात ढग दाट आहेत, जो दुधाळ दिसतो, तो घेऊ नका.

फ्लुओरेसन्सला सरसकट हाकलायचं कारण नाही, बहुतेक हिऱ्यांत तो रोजच्या उजेडात जाणवतही नाही. अडचण विजोडपणाची. एक ‘स्ट्राँग’ (जोरदार) आणि दुसरा ‘नन’ (अजिबात नाही) असा जोडा नाचाच्या हॉलमधल्या अतिनील दिव्याखाली गेला की एका कानात निळा ठिपका पेटतो, दुसऱ्यात काहीच नाही.

आणि कधी कधी जोडी बिनसते ती नुसत्या मळाने. हिऱ्याला तेलकटाची ओढ. खाणींतसुद्धा ग्रीस फासलेल्या टेबलांवरून खडी वाहवून हिरे चिकटवून घेत. कानाला लागून असलेल्या मागच्या बाजूवर क्रीम आणि साबण बसला की चांगला कटही मंद पडतो. हिरा बदलायला निघण्याआधी कोमट पाणी आणि मऊ ब्रश.

एक स्टड हरवला की ढकलपत्राच्या हिशेबाची खरी परीक्षा होते. ‘५० सेंट, जी, व्हीएस-१’ एवढंच सांगितलं तर त्या वर्णनाचे ढीगभर हिरे पुढ्यात येतील आणि उरलेल्या स्टडशेजारी बरेचसे उपरे दिसतील. म्हणून व्यास, खोली, टेबल आणि दोन्ही कोन खरेदीच्या दिवशीच उतरवून ठेवा. हिरा एकदा कोंदणात बसला की यातलं बरंचसं नीट मोजता येत नाही.