मावशीच्या डब्यातले हिरवे खडे

मावशीचा फोटो आला तेव्हा मी लॅबच्या जिन्यात होते. प्लॅस्टिकच्या गाळणीत हिरवट, चकचकीत गोळे, काही वाटाण्याएवढे, काही त्याहून मोठे. खाली एवढंच: "मोजले. एकशे बारा! ऑपरेशन वाचलं."

मावशीच्या पित्ताशयात ११ मिलिमीटरचा एक खडा आहे. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखायचं, कळ पाठीत जायची, म्हणून सोनोग्राफी केली आणि त्यात तो दिसला. सर्जननी पित्ताशय काढायचा सल्ला दिला. तारीख ठरायच्या आत तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड आला. तुमच्याकडेही आला असेल, कारण गेली कित्येक वर्षं तो नवेनवे कपडे घालून फिरतोच आहे. मजकूर थोडक्यात असा: दिवसभर सफरचंदाचा रस प्या, संध्याकाळनंतर काही खाऊ नका, एप्सम सॉल्टचं पाणी घ्या, झोपताना ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस एकत्र करून पिऊन टाका, उजव्या कुशीवर झोपा. सकाळी संडासवाटे शेकडो खडे पडतील. पुढे दावे: हे खडे पाण्यावर तरंगतात म्हणजे ते पित्ताचेच. सोनोग्राफीत ते दिसत नाहीत. यकृतात आयुष्यभराची विषं साचलेली असतात, तीही निघून जातात. पित्ताशय काढलं की पचन कायमचं बिघडतं. ज्यांचं काढलंय त्यांनीही हे करावं, त्यांचेही खडे पडतात. आणि अर्थातच, डॉक्टर हे सांगणार नाहीत, त्यांना फक्त कापायचं असतं.

मी बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये वीस वर्षं काढली आहेत. त्यामुळे एका गोष्टीवर मी जास्त बोलणार आहे आणि बाकीच्यांवर कमी.

ती गोष्ट म्हणजे "खडे पडतात". कारण गोळे पडतात हे खरंच आहे. मावशी खोटं बोलत नव्हती, ग्रुपवरच्या बायकाही खोटं बोलत नाहीत. रात्री तेल प्यायलं, सकाळी गोळे दिसले. डोळ्यांनी दिसलेली गोष्ट कोण नाकारणार? हा फॉरवर्ड मरत नाही तो याच पुराव्याच्या जोरावर. फक्त हा पुरावा पित्ताशयातून आलेला नसतो. तो आदल्या रात्री पेल्यातून आत गेलेला असतो.

२००५ साली न्यूझीलंडच्या सीस आणि ब्रूकर या दोघांनी 'द लॅन्सेट'मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. चाळीस वर्षांची एक बाई, तीन महिन्यांपासून उजव्या बरगडीखाली दुखणं, तेलकट खाल्लं की जास्त. सोनोग्राफीत पित्ताशयात एक-दोन मिलिमीटरचे पुष्कळ खडे. तिने कुणा जडीबुटीवाल्याच्या सांगण्यावरून हाच प्रकार केला: संध्याकाळी सहापर्यंत सफरचंदाचा आणि भाज्यांचा रस, मग काही तासांत ६०० मिली ऑलिव्ह तेल आणि ३०० मिली लिंबाचा रस. सकाळी हिरवे मऊ गोळे पडले. तिने ते फ्रीझरमध्ये जपून ठेवले आणि दवाखान्यात घेऊन गेली. (हे वाचताना मला हसू आलं, कारण आमच्या मावशीनेही अगदी हेच केलं होतं.) तिथल्या मंडळींनी ते फेकून दिले नाहीत, तपासले. सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकाचा पत्ता नाही. ४० अंशांच्या उष्णतेला दहा मिनिटांत वितळून हिरवं तेलकट पाणी. कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन नाही, कॅल्शियम नाही, म्हणजे पित्ताचे खडे ज्यापासून बनतात त्यातलं काहीच नाही. होती ती मुख्यतः मेदाम्लं, म्हणजे तेल-तूप ज्यांपासून बनतं ती.

मग त्यांनी तेच गोळे बाहेर करून पाहिले. ओलिक आम्ल, म्हणजे ऑलिव्ह तेलातला मुख्य घटक, आणि लिंबाचा रस समप्रमाणात घेतले, त्यात थोडं पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं. पांढरे मऊ गोळे तयार झाले. हवेवर वाळल्यावर ते चांगले कडक झाले. त्यांचा निष्कर्ष असा: पचनरस तेल फोडतात, सुटी झालेली मेदाम्लं लिंबातल्या पोटॅशियमशी जुळतात आणि त्याचा साबण होतो. आतड्यात बनलेला, सोप्या भाषेत सांगायचं तर साबणाचा गोळा.

हे मावशीला फोनवर सांगून उपयोग नव्हता. रविवारी तिच्याकडे गेले. जाताना मामाची बाटली घेतली. मामाचं पित्ताशय आठ वर्षांपूर्वी काढलं, त्यातले खडे सर्जननी त्याच्या हातात दिले होते, ते अजून कपाटात आहेत. पिवळट-तपकिरी, एकमेकांवर घासून कोन पडलेले. बाटली हलवली की खुळखुळतात. मावशीने फ्रीझरमधून डबा काढला. मी दोन वाट्या कोमट पाण्यात ठेवल्या, थर्मामीटर लावला, चाळीसच्या आसपास. एका वाटीत मामाचा खडा, दुसऱ्यात मावशीचा. पाच मिनिटांत मावशीचा गोळा कडेने पसरायला लागला, मग पार हिरवा तवंग. मामाचा खडा जसाच्या तसा. शुद्ध कोलेस्टेरॉल वितळायला १४८ अंश लागतात, कोमट पाण्याची काय बिशाद.

मावशी बराच वेळ वाटीकडे बघत बसली. मग म्हणाली, "पण हिरवा कसा गं?"

प्रश्न बरोबर होता. पित्ताच्या रंगामुळे. एवढं तेल पोटात गेल्यावर पित्ताशय आकुंचन पावतं, पित्त आतड्यात येतं, गोळ्याला रंग चढतो. न्यूझीलंडच्या वाटीतले गोळे पांढरे होते, कारण तिथे पित्त नव्हतं.

तरंगण्याचा मुद्दा इथेच संपतो. तेलाचा साबण पाण्यावर तरंगणार नाही तर काय करणार?

आणि पित्ताशय काढलेल्यांचेही "खडे" पडतात, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने स्वतःच कबूल करून टाकलंय! ज्या पिशवीत खडे होते ती पिशवीच नाही, तरी शेकडो खडे. "दर महिन्याला करा, दर वेळी निघतात," हेही त्यातच आहे. निघणारच, दर वेळी तेवढंच तेल आत जातं. (यकृताच्या आतल्या नळ्यांमध्ये खडे होतात का? होतात, पण तो वेगळा आणि क्वचितच आढळणारा आजार आहे. शेकडो हिरवे वाटाणे त्यातून निघत नाहीत.)

आता मोजमाप. पित्त आतड्यात आणणारी मुख्य नळी साधारण सहा मिलिमीटर रुंद असते. पित्ताशयातून तिला येऊन मिळणारी नळी त्याहून अरुंद, आत वळ्यावळ्यांची. मावशीचा खडा ११ मिलिमीटरचा. तो बाहेर पडला असता तर मावशी गाळणीत मोजत बसली नसती, कळवळून ॲडमिट झाली असती.

राग येतो तो इथे. लहान खडे असलेल्या माणसाने हा प्रकार केला तर खडा खरोखर सरकू शकतो. दोन-चार मिलिमीटरचा खडा पित्ताशयातून निसटून मुख्य नळीत अडकला तर कावीळ होते, थंडी वाजून ताप येतो. स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकला तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती जीव घेऊ शकते. अचानक येणाऱ्या त्या सुजेची दोन मोठी कारणं म्हणजे दारू आणि पित्ताचे खडे. त्यातही बारीक खडे जास्त धोक्याचे. फॉरवर्डमध्ये "खडे लहान असतील तर अधिक उत्तम" असं लिहिलंय. अधिक उत्तम!

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. जुलाबाचं औषध आहे ते. मूत्रपिंड कमजोर असलेल्याच्या रक्तात मॅग्नेशियम साचतं आणि हृदयाचे ठोके, श्वास, दोन्ही मंदावू शकतात. फॉरवर्डमध्ये याचा उल्लेखही नाही.

बाकीचं भराभर. सोनोग्राफीत दिसत नाहीत म्हणे. पित्ताशयातले खडे शोधायला सोनोग्राफीइतकी सोपी आणि चांगली तपासणी नाही, आणि मावशीचा खडा तिच्यातच सापडला होता. जे "खडे" दिसत नाहीत ते नसल्यामुळे दिसत नाहीत. सफरचंद खडे मऊ करतं म्हणे. प्यायलेला रस पित्ताशयात जात नाही. त्यातलं मॅलिक आम्ल शोषलं जातं आणि पेशी ते इंधनासारखं वापरतात, तसंही ते शरीरात रोज तयार होतंच. उलट दीर्घ उपाशी राहण्याने आणि झपाट्याने वजन उतरवण्याने नवे खडे होतात, हे चांगलं ठाऊक असलेलं सत्य आहे. विषांचं म्हणाल तर यकृत ती साठवत नाही, रूपांतर करतं. अमोनियाचा युरिया करतं, औषधं विरघळण्याजोगी करून लघवीतून आणि पित्तातून बाहेर पाठवतं. लिव्हरला खरंच मदत करायची असेल, फॅटी लिव्हर असेल, तर वजन सात ते दहा टक्के उतरवण्यामागे चांगला पुरावा आहे. ते एका रात्रीत होत नाही, म्हणून त्याचा फॉरवर्ड होत नाही.

दोन गोष्टी मात्र मान्य करते, नाइलाजाने.

एक, खडा दिसला की कापलाच पाहिजे असं नाही. मिशिगन विद्यापीठातल्या १२३ जणांचा, ज्यांना खडे होते पण काहीच त्रास नव्हता, पाठपुरावा झाला होता. १९८२ मध्ये तो छापून आला. पंधरा वर्षांत साधारण १८ टक्क्यांनाच दुखणं झालं. म्हणून मुका खडा बहुतेकदा तसाच ठेवतात. औषधाने खडा विरघळतोही: अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल, रोजच्या गोळ्या, सहा महिने ते दोन वर्षं. पण खडे लहान हवेत, कोलेस्टेरॉलचे हवेत, पित्ताशय चालू हवं, आणि औषध थांबवल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्यांना पुन्हा होतात. मावशीचा खडा मोठा आहे आणि तो दुखतोय, म्हणून तिला हे दोन्ही लागू नाही.

दोन, पित्ताशय काढल्यावर काही जणांना काही काळ पातळ संडास होते. पित्त साठायला जागा नसल्याने ते सतत थोडं थोडं आतड्यात येतं. बहुतेकांचं शरीर जुळवून घेतं, ज्यांचं घेत नाही त्यांच्यासाठी औषध आहे. मामाला पहिले दोन महिने त्रास झाला. आता तो सगळं खातो आणि त्याबद्दल जरा जास्तच बोलतो.

डॉक्टरांना फक्त कापायचं असतं, यावर इतकंच: मुख्य नळीत अडकलेला खडा पोट न फाडता, तोंडातून दुर्बीण घालून काढायची पद्धत १९७४ साली जर्मनी आणि जपानमध्ये सुरू झाली. लपवायचंच असतं तर हे कशाला शोधलं असतं?

पित्ताचे खडे असतील आणि डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला, किंवा पोटातली कळ काही तास थांबलीच नाही, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री हॉस्पिटलमध्ये जा. त्या रात्री तेल पिऊ नका.

बुधवारी मावशीने पुन्हा सोनोग्राफी केली. रिपोर्ट मला पाठवला नाही, फोन केला. "अकरा मिलिमीटर," ती म्हणाली, "आहे तिथेच आहे गं." मग जरा थांबून, "डबा टाकून दिला. मामाची बाटली मात्र माझ्याकडेच राहिलीय, ऑपरेशनच्या दिवशी त्याला परत देते."