जिंकलेल्या प्रजेची निगा कशी राखावी

नुकतंच एखादं राज्य जिंकलं असेल तर आधी अभिनंदन. लुटालूट झाली, वेशीवर निशाण लागलं, आता या माणसांचं करायचं काय, हा प्रश्न तुम्हाला पडला असेलच. उगाच नवे प्रयोग करत बसू नका. आजच्या उत्तर इराकमध्ये, तैग्रिसच्या काठी, असिरियाच्या राजांनी इ.स.पू. नवव्या ते सातव्या शतकात हा विषय पार घोटून ठेवलाय. आणि माणसं लपवाछपवी करणारी नव्हेत. जे केलं ते त्यांनी स्वतःच दगडावर कोरून ठेवलं.

पहिलं म्हणजे बंडखोरांशी गुळमुळीत वागू नका. अशुरनासिरपाल दुसरा याने बंड केलेल्या सरदारांची कातडी सोलली, त्यांच्याच शहराच्या वेशीसमोर खांब उभारला आणि तो त्या कातड्यांनी मढवला. याच राजाने कल्हू, म्हणजे आजचं निमरुद, इथे नवा राजवाडा बांधल्यावर ६९,५७४ पाहुण्यांना दहा दिवस जेवू घातलं. दोन्ही हकिकती त्याच्याच लेखांतल्या. पंगतीला मांडलिक मुलखांतले दूतही होते. कालवणात मीठ कमी आहे असं त्यांच्यापैकी कोणी म्हणाल्याची नोंद नाही.

दुसरं, माणसं जागची हलवा. घर, शेत, पूर्वजांची थडगी सुटली की बंडाची खुमखुमीही जिरते. सार्गोन दुसरा याने इस्राएलच्या राजधानीतून, समरियातून, २७,२९० माणसं नेल्याचं लिहून ठेवलंय. आता याला हद्दपारी म्हणायचं नाही, पुनर्वसन म्हणायचं. इ.स.पू. ७०१ मध्ये सार्गोनचा मुलगा सेन्नाखेरिब याचा अधिकारी यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून काय बोलला ते बायबलात आहे. शरण या, म्हणजे आपापल्या द्राक्षवेलीची आणि अंजिराची फळं खात बसाल. पुढे मी येऊन तुम्हाला तुमच्यासारख्याच देशात नेईन, तिथेही धान्य आहे, द्राक्षमळे आहेत. हे सगळं लोकांच्याच हिब्रू भाषेत. यहुदी राजाची माणसं कळवळून म्हणाली, साहेब, अरामी भाषेत बोला, आम्हाला ती कळते; तटावर लोक ऐकताहेत. गडी काही ऐकेना. त्याला तटावरच्या लोकांशीच तर बोलायचं होतं! जनसंपर्क शिकावा तो याच्याकडून.

त्याच मोहिमेत यहुदी राज्यातलं लाखीश शहर पडलं. सेन्नाखेरिबने आपल्या राजधानीत, निनवेच्या राजवाड्यात, एका अख्ख्या दालनाच्या भिंतींवर तो वेढा कोरून घेतला. नीट पाहा. बैलगाडीत गाठोडी, गाठोड्यांवर बायका-पोरं, पुढे चालणारा बाप्या. बैल इतके खंगलेले की बरगड्या मोजाव्यात. आणि त्याच पटात दोन माणसं जमिनीवर ताणून बांधलेली, त्यांची कातडी सोलायचं काम चालू आहे. वर मजकूर: जगाचा राजा सेन्नाखेरिब सिंहासनावर बसला आणि लाखीशची लूट त्याच्यासमोरून गेली. भेटीला येणाऱ्याने हे पाहिलं की पुढची बोलणी लवकर आटपत असावीत.

देवही उचलून आणा. लोक मागे लागलेच तर परत द्या, पण रिकाम्या हाताने नको. सेन्नाखेरिबचा मुलगा एसरहद्दोन याने अरबांच्या देवांच्या मूर्ती परत केल्या तेव्हा त्यांच्यावर असिरियाच्या अशुर देवाचं सामर्थ्य आणि स्वतःचं नाव कोरून मगच दिल्या. लग्नात आहेराच्या भांड्यांवर नाव घालतात, तसं. पुढे जन्मभर पूजा करताना देणाऱ्याची आठवण राहते.

चुका होतात, नाही असं नाही. सेन्नाखेरिबने इ.स.पू. ६८९ मध्ये बाबिलोन धुळीला मिळवलं, आणि ते परत वसवायची पाळी मुलावर, या एसरहद्दोनवरच आली. देवाने तर शहर ७० वर्षं ओसाड राहील असं लिहून ठेवलेलं. मग बाबिलोनच्या त्या देवाला, मर्दुकाला, दया आली आणि त्याने आकडा उलटा केला. त्यांच्या लिपीत ७० उलटे केले की ११ होतात. सरकारी शुद्धिपत्रक निघावं तर असं.

राहता राहिलं प्रेम. तेही सक्तीचं करा. इ.स.पू. ६७२ मध्ये एसरहद्दोनने पूर्वेकडच्या, आजच्या इराणातल्या, मीड लोकांच्या सरदारांकडून शपथ घेतली, की युवराज अशुरबनिपालवर आम्ही स्वतःइतकंच प्रेम करू. न केल्यास काय, याची शापांची यादी लांबलचक आहे. कुत्री-डुकरं तुमचं मांस खावोत, हे त्यातलं त्यातल्या त्यात सौम्य.

मीडांनी प्रेम केलं ते असं, की साठ वर्षांनी, इ.स.पू. ६१२ मध्ये, बाबिलोनवाल्यांना सोबत घेऊन ते निनवेत शिरले आणि शहर जाळलं. त्या शपथांच्या मातीच्या पाट्या निमरुदच्या देवळात सिंहासनाच्या चौथऱ्याजवळ ठिकऱ्या होऊन पडलेल्या सापडल्या. लाखीशचा पट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बैलगाडी शाबूत आहे, पोरंही शाबूत आहेत. सिंहासनावरच्या राजाचा चेहरा मात्र कोणीतरी मुद्दाम ठोकून काढलाय.

तेव्हा एवढी एक सुधारणा करा: स्वतःचं चित्र कोरून घेताना चेहरा कोणाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर घ्या. आणि शिड्या मोजून ठेवा.